दिरांनी दिलेली अलॉय चाकं लावू की नको?

वाचकाचं पत्र: माझी पाच दारांची छोटी गाडी आहे, साध्या लोखंडी चाकांची. धाकट्या दिरांनी स्वतःची जुनी गाडी विकताना तिची अलॉय चाकं काढून ठेवली होती. ती टायरसकट मला दिली, अगदी हौसेने, आणि स्वतःच येऊन लावूनही दिली. चार भोकं, चार नट, चाकं बसली. दिसायला गाडी एकदम देखणी झाली. पण ताशी ८० च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना पुढून घासल्याचा आवाज येतो आणि मागे तिघं बसले की खड्ड्यात मागूनही घासतं. भाऊजी म्हणतात, बॅलन्सिंग करून घे आणि मडगार्डची कड आत दुमडून घे, बास. टायरवाला म्हणतो, मध्ये एक रिंग टाका. नवरा म्हणतो, जुनी लाव आणि विषय संपव. जुन्या चाकावर ५.५ जे × १५, ईटी ४५ असं आहे, टायर १८५/६५ आर १५ ८८ एच. नव्यावर ७ जे × १६, ईटी ३५, टायर २०५/५५ आर १६ ९१ व्ही. नव्या चाकाचं मधलं भोक ६७.१ मिमी आहे, माझ्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल उंचवटा, मोजला तर ५४ च्या किंचित वर भरला. तिघांपैकी बरोबर कोण? आणि ही नकोत तर मग कोणती घेऊ?

उत्तर: सगळ्यात आधी, ती चाकं आज काढा आणि जुनी लावा. बाकीचं नंतर निवांत वाचलंत तरी चालेल. टायर कुठेतरी घासत असताना गाडी चालवत राहणं धोक्याचं आहे. रबर रोज थोडं थोडं कापलं जातं आणि ते पुष्कळदा अशा जागी, जिथे आपली नजर जात नाही.

आता तुमचा प्रश्न. नवरोबांचा निकाल बरोबर, टायरवाल्याचं निदान अर्धं बरोबर, आणि भाऊजींच्या दोन्ही सूचना सोडून द्या. तुम्ही आकडे पाठवलेत, त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही. ‘माझ्या गाडीला सोळा इंची बसतील का’ एवढंच विचारणारी पत्रं इतकी येतात, की असं पत्र आलं की मला सणच वाटतो.

नट बसले यातून सिद्ध काय होतं? एवढंच, की भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळतो. त्याला पीसीडी म्हणतात. छोट्या गाड्यांत ४ × १०० हे माप फार सर्रास आढळतं, म्हणजे चार भोकं आणि त्यांच्या केंद्रांतून जाणारं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं. पण इथेही एक खोच आहे. काही गाड्यांना ४ × ९८ लागतं. फरक फक्त दोन मिलिमीटरचा, त्यामुळे नट जोर लावून आत जातात, पण तिरके बसतात आणि स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांडीवर, कायमचा ताण राहतो. नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरत गेला पाहिजे. मध्येच अडून पाना मागायला लागला तर थांबायचं. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजलं की झालं. पाच भोकांत तसं मोजता येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ११२ आणि ११४.३ ही दोन मापं पाच भोकांच्या गाड्यांत नेहमी गोंधळ घालतात, कारण शेजारच्या भोकांत मोजलं तर फरक दीड मिमीच्याही आत निघतो. व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) नसेल तर मोजायच्या भानगडीत पडूच नये.

थरथरीचं मूळ मात्र मधल्या भोकात आहे. तुमचा हब ५४.१ मिमीचा असणार, छोट्या गाड्यांत हे माप बरंच चालतं. चाकाचं भोक ६७.१. म्हणजे सगळीकडून साडेसहा मिमीची पोकळी. कारखान्यातून येणारं चाक बहुतेक गाड्यांत हबच्या उंचवट्यावर घट्ट बसतं. त्याचं केंद्र हब ठरवतो, आणि नट नंतर ते फक्त दाबून धरतात. तुमच्या नव्या चाकांचं केंद्र ठरवण्याचं काम चार नटांच्या उतरत्या तोंडांवर पडलंय. एक नट आधी आवळला, दुसरा नंतर, की चाक केसभर सरकतं आणि तसंच आवळलं जातं. ताशी ४० ला ते कळत नाही, ८० ला हातात येतं.

आणि म्हणूनच बॅलन्सिंगने हे जाणार नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात, म्हणजे यंत्रावर ते अगदी मध्यावर फिरतं आणि यंत्र सांगतं, चाक ठीक आहे. गाडीवर मात्र ते मध्यावर नसतंच. त्यामुळे माणूस बॅलन्सिंग करून येतो, थरथर तशीच, पुन्हा जातो, दुसऱ्या दुकानात जातो, आणि शेवटी रस्त्याला दोष देतो. हे टाळायचं असेल तर टायरवाला म्हणतो ती रिंग लागते: बाहेरून ६७.१, आतून ५४.१. प्लास्टिकची मिळते, ॲल्युमिनियमचीही मिळते. अंगठ्याने दाबून बसली पाहिजे. डुगडुगणारी रिंग असून नसून सारखीच. काही जण रिंगेला घाबरतात, एवढंसं प्लास्टिक गाडीचा भार कसा पेलणार म्हणून. भार ती पेलतच नाही. चाक आणि हब यांच्या सपाट तोंडांमध्ये नटांच्या दाबाने जे घर्षण तयार होतं ते भार पेलतं. रिंगेचं काम आवळताना चाक मध्यावर धरण्याचं. भोक हबपेक्षा लहान असेल तर मात्र ते चाक तुमचं नाहीच. लेथवर भोक वाढवून देणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहा.

(थरथर फक्त ब्रेक मारतानाच येत असेल तर बोट चाकाकडे न दाखवता आधी ब्रेकच्या डिस्ककडे दाखवावं. तुमच्या पत्रात तसं नाही, पण पुढे कधी उपयोगी पडेल.)

रिंग टाकली, थरथर गेली, मग टायरवाल्याचं फक्त अर्धंच बरोबर असं मी का म्हटलं? कारण घासण्यावर रिंगेचा काही इलाज नाही. घासण्याचं कारण रुंदी आणि ऑफसेट या जोडीत आहे, आणि ही जोडी एकत्रच वाचावी लागते. लोक नेमकं इथेच चुकतात. ५.५ जे मधला ५.५ हा आकडा रिमच्या दोन कडांमधली रुंदी, इंचात. ईटी म्हणजे ऑफसेट: चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो तो रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. ईटी जितका कमी, तितकं सगळं चाक गाडीच्या अंगाबाहेर सरकतं.

तुमचं गणित मांडू. नवं रिम दीड इंच जास्त रुंद, म्हणजे ३८ मिमी. ते दोन्हीकडे अर्धं अर्धं वाटलं जातं, साधारण १९ आत आणि १९ बाहेर. शिवाय ऑफसेट ४५ चा ३५ झाला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर आलं. बाहेरची कड १९ अधिक १०, म्हणजे २९ मिमी बाहेर. आतली कड १९ वजा १०, म्हणजे ९ मिमी आत, शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला. टायरचं वेगळं मोजायचं, कारण टायर रिमपेक्षा फुगीर असतो. जुना १८५ मिमी रुंद, नवा २०५, म्हणजे दोन्हीकडे १० मिमीची वाढ, त्यात ऑफसेटचे १०. टायरची बाहेरची भिंत २० मिमी बाहेर आली, आतली जवळजवळ जागच्या जागी. तुमच्या गाडीत घासतंय ते बाहेरच्या कडेलाच, मागे मडगार्डच्या ओठाला आणि पुढे वळवल्यावर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला. कागदावर आणि रस्त्यावर एकच उत्तर आलं.

मडगार्डची कड दुमडण्याबद्दल माझं मत कडक आहे. पत्रा तापवून आत वळवला तरी रंगाला तडा जाऊ शकतो, तडा गेला की गंज. आणि घासणं बंद झालं तरी अख्खं चाक दहा मिमी बाहेरच राहतं ना! व्हील बेअरिंगवर भार कुठे पडावा, स्टेअरिंगचा अक्ष जमिनीला कुठे मिळावा, हे सगळं मूळ ऑफसेट धरून आखलेलं असतं. चाक बाहेर गेलं की खड्ड्यातला प्रत्येक धक्का स्टेअरिंगला जास्त जोराने ओढतो, एका बाजूचं चाक ओल्या किंवा भुसभुशीत जागी गेलं आणि ब्रेक मारला तर गाडी बाजूला खेचते, आणि बेअरिंग आधी बोलायला लागतं. पाचेक मिलिमीटरचा फरक बहुतेक गाड्या निमूट सोसतात. दहा नाही. वर्षानुवर्षं चालवायच्या गाडीत चाकासाठी गाडी कापणं मला मान्य नाही. चाक बदलता येतं. स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये चकती, घालणं हाही तोच प्रकार, ईटी ४५ च्या चाकामागे १० मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ३५. तुमच्याकडे तर तो न लावताच लागलाय.

व्यासाच्या बाबतीत ही चाकं फारशी वाईट नाहीत. टायरच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदीचे, तिरक्या रेघेनंतरच्या आकड्याइतके टक्के: १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. दोन भिंती आणि १५ इंचांचे ३८१ मिळून ६२१.५ मिमी. नवा टायर ६३१.९. दहा मिमीची वाढ, पावणेदोन टक्क्यांच्या आतली. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असा टायर धंद्यातला जुना ठोकताळा आहे. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा टायर जुन्या हिशोबाने १०१.७ चा वेग धरून असेल. स्पीडोमीटर मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतात, त्यामुळे रोजच्या वापरात हे जाणवणार नाही. भाराचा आकडाही वाढलाय, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५. टायर म्हणून तो चांगला आहे, तुमच्या गाडीच्या कमानीत मावत नाही इतकंच.

मग कोणती घ्यायची? ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा, नाहीतर मालकपुस्तिका. तिथे टायरची मापं आणि हवेचा दाब दिलेला असतो, आणि पुष्कळदा एकापेक्षा जास्त मापं असतात. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी अलॉय देत असेल तर ते माप डोळे झाकून घ्या, तेही तुमच्याच पिढीच्या गाडीचं. नाव तेच असलं तरी नव्या पिढीत हब बदललेला असू शकतो. अशी चाकं बाजारात वापरलेलीही मिळतात, कारण कित्येक लोक ती काढून मोठी लावतात. भाऊजींचीच जमात.

बाहेरचीच घ्यायची असतील तर तुमच्या गाडीसाठी मी ६ जे × १६, ईटी ४५ शोधेन. अर्धा इंच रुंदी म्हणजे दोन्हीकडे जेमतेम सहा मिमी, ऑफसेट जैसे थे. त्यावर १९५/५५ आर १६. व्यास ६२०.९ मिमी, तुमच्या मूळ टायरपेक्षा एक मिलिमीटरसुद्धा कमी नाही. पण इथे एक सापळा आहे. या मापाचे पुष्कळ टायर ८७ भारांकाचे येतात, म्हणजे ५४५ किलो, तुमच्या ८८ पेक्षा कमी. दारावरच्या पट्टीत तुमच्या गाडीसाठी हेच माप ८७ सह छापलेलं असेल तर खुशाल घ्या, कंपनीने हिशोब केलेला आहे. नसेल तर त्याच मापात जादा मजबूत बांधणीचा ९१ चा टायर मिळतो, तो घ्या आणि त्यात हवा किती भरायची ते टायरवाल्याला भारांक सांगून ठरवा. वेगाचं अक्षरही मूळपेक्षा खालचं नको: एच म्हणजे ताशी २१०, टी म्हणजे १९०. तुम्ही तेवढी पळवणार नाही हे मला ठाऊक आहे, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं.

सतरा इंच? २०५/४५ आर १७ चा व्यासही जुळतो, ६१६ मिमी. पण टायरची भिंत १२० वरून ९२ मिमीवर येते. खराब रस्त्यावर रिम आणि खड्डा यांच्यामध्ये तेवढंच रबर उरतं. तुम्हाला दिसण्याची हौस आहे, मलाही आहे, तरी छोट्या गाडीला मी सोळावर थांबेन.

दुकानात चाक हातात आलं की ते उलटं करा. खरी माहिती मागच्या बाजूला ओतलेली असते: रुंदी, व्यास, ईटी आणि चाक किती किलो पेलतं. गाडीच्या पट्टीवर एका ॲक्सलचा कमाल भार दिलेला असतो, त्याचा अर्धा प्रत्येक चाकाला पेलता आलाच पाहिजे. समजा पुढचा ८५० किलो असेल तर चाकावर ४२५ पेक्षा कमी आकडा नको. जेडब्ल्यूएल ही अक्षरं जपानी प्रमाणाची, जर्मनीत मंजूर झालेल्या चाकांवर केबीए क्रमांक असतो. नामांकित चाकाची हुबेहूब नक्कल, पण मागे भाराचा आकडाच नाही, असं चाक परत ठेवा. वापरलेलं असेल तर आतल्या कडेवर बोट फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा लागला तर ते चाक फुकटही नको. टायर चढवण्याआधी यंत्रावर नुसतं रिम फिरवून घ्या, वाकलेलं असेल तर डोळ्यांना दिसतं.

टायर न चढवता एक चाक पुढे लावून बघू द्यावं असा आग्रह धरा. व्यास पुरेसा असला तरी आऱ्यांचा आकार ब्रेक कॅलिपरला (डिस्क चिमट्यात धरणाऱ्या भागाला) लागू शकतो, आणि हे कुठल्याच आकड्यात सापडत नाही. हाताने पूर्ण फेरी फिरवायची, कॅलिपर आणि आऱ्यांमध्ये तीनेक मिमी तरी मोकळे दिसले पाहिजेत. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतून लागतात, त्यांची जागाही धरा. नंतर टायर चढवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि मागे तुमचे ते तिघं बसवून एकदा खड्ड्याचा रस्ता. गाडीत टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतील तर ते नव्या चाकांत हलवावे लागतात, दुकानदाराला आधीच सांगा.

नटांबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला काळजी त्यांचीच जास्त वाटते. नटाचं तोंड शंकूसारखं असतं, गोलाकार असतं किंवा सपाट. चाकातली बैठक त्याच आकाराची हवी. गोल तोंडाचा नट शंकूच्या बैठकीत घातला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो, आवळताना घट्ट लागतो आणि चालता चालता सैल होतो. आट्यांचं मापही बघा: १२ मिमीच्या स्टडला १.५ आणि १.२५ अशा दोन्ही आट्या असतात. अलॉयचा हबला टेकणारा भाग लोखंडी चाकापेक्षा जाड असतो, त्यामुळे जुन्या नटाला पकड कमी मिळू शकते. स्टडच्या जाडीइतकी तरी पकड हवी, १२ × १.५ ला आठ पूर्ण फेरे. भाऊजींनी चाकं लावली तेव्हा कोणते नट वापरले ते त्यांना विचारा. जुनेच असतील तर त्यांची तोंडं घासली आहेत का तेही बघा.

लावताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून गंज काढायचा, गाडी जॅकवर असतानाच सगळे नट हाताने बसवायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेत दिलाय तेवढाच. पान्यावर उभं राहून आवळणं ही ताकदीची गोष्ट झाली, मापाची नाही. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा रेंच लावा.

भाऊजींना काय सांगायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो दडलेला आहे. चाकांत खोट नाही, ती दुसऱ्या गाडीची आहेत, हे खरंच आहे आणि सांगायलाही सोपं आहे. वरचं २९ आणि ९ चं गणित त्यांना दाखवा. गाड्यांची हौस असलेला माणूस आकड्यांवर रुसत नाही. भोकं, हब आणि ऑफसेट हे तिन्ही जुळणाऱ्या एखाद्या गाडीला ती बसतील, तेव्हा त्यांनाच विकायला सांगा आणि आलेल्या पैशांतून तुमच्या मापाची शोधायचं कामही त्यांच्याकडेच द्या. त्यांना आवडेल.

स्टेपनी तुमची लोखंडीच राहणार आहे. अलॉयचे नट वेगळे निघाले तर त्या एका चाकापुरते जुने चार नट पिशवीत घालून डिकीत जॅकशेजारी ठेवा.